तळ्याची गोष्ट मला सांगायची नाही असं ठरलंय

आमच्या घरात एका तळ्याबद्दल माझ्यासमोर कुणी बोलत नाही. तळं हिमाचलात आहे, शेवटच्या गावापासून दोन दिवस चढून जायचं, आणि त्यात ट्राउट नावाचा मासा असतो. आमचे हे तिथे जाऊन आले त्याला पंचवीसेक वर्षं झाली. मी गेले नाही. नुसती गेले नसते तर लिहायला बसायचं कारण नव्हतं. मी जे केलं ते सांगायला आता हरकत नाही. या वयात माणसाला फाशी देत नाहीत, फार तर चहा उशिरा देतात.

नव्वदच्या दशकात आम्ही बर दुबईत राहत होतो. मीना बाजारच्या मागची गल्ली, चौथा मजला, खिडकीत बसवलेला खडखडणारा एसी. हे एका काँट्रॅक्टिंग कंपनीच्या अल क्वोजमधल्या वर्कशॉपवर इंजिनियर होते. मुलगा नववीत. आणि घरात एक बेचाळीस वर्षांची बाई होती, दोन्ही हात मिळून सोन्याच्या बारा बांगड्या घालणारी. आपल्याइतकं विनोदी दुबईत कुणी नाही अशी तिची ठाम समजूत होती. ती बाई म्हणजे मी. आज ती समोर आली तर मी तिला दोन थोबाडीत देईन, पण मग पुढचं तिच्याकडून ऐकूनही घेईन, कारण नकला ती खरंच चांगल्या करायची.

यांच्या वर्कशॉपमध्ये हिमाचलचा एक फोरमन होता. पन्नाशीचा, दिवसाला वीस शब्द बोलणारा. त्याने एकदा जेवणाच्या सुट्टीत यांना पाकिटातला फोटो दाखवला. त्याच्या गावाच्या वर, खिंडीपलीकडे एक तळं होतं, आणि त्याच्याही वर आणखी एक. इंग्रजांच्या काळात कुण्या साहेबाने पाण्यात ट्राउटची पिल्लं सोडली होती म्हणे, ती वाढली. हे तो फोटो दोन दिवसांच्या बोलीवर घरी घेऊन आले आणि फ्रिजसमोर उभं राहून मला दाखवायला लागले. मी पीठ मळत होते. मी म्हटलं, पाणी आहे, मागे डोंगर आहे, बरं मग? हे म्हणाले, "मग काही नाही. पुढच्या सुट्टीत आपण इथे जायचं."

हे ऐकून मला का हसू आलं ते कळायला एक गोष्ट माहीत हवी. मी वेंगुर्ल्याची आणि हे साताऱ्याचे. लग्न झालं तेव्हा बांगडा कुठला नि सौंदाळा कुठला हे यांना ओळखता येत नव्हतं. पापलेटासारख्या गरीब माशाचा काटा लागला तरी हे ताटावर सगळ्यांना थांबवायचे आणि कोरडा भात मागायचे. दुबईतल्या डेरा भागाच्या मासळीबाजारात मी मल्याळी विक्रेत्याशी सुरमईवरून भांडत असले की हे नाकाला रुमाल लावून दहा पावलं मागे. शिवाय ट्राउट म्हणजे गोड्या पाण्यातला. आमच्या माहेरी गोड्या पाण्यात जे पोहतं त्याला मासा म्हणत नाहीत, त्याच्याकडे दुर्लक्ष करतात. तेव्हा मी पिठाचे हात तसेच ठेवून म्हटलं, "तुम्हाला ताटातला मासा आवरत नाही, तळ्यातला काय आवरणार?"

हेही हसले. मला तेव्हा वाटलं, गंमत कळली. हे आपले मला बरं वाटावं म्हणून हसत होते.

तयारी सुरू झाली ती डिसेंबरात. यांना कंपनीची सुट्टी दोन वर्षांतून एकदा, आणि ती जुलै-ऑगस्टात, शाळा बंद असते तेव्हा. म्हणजे दर खेपेला नेमका श्रावण. सासूबाईंच्या राज्यात श्रावणात माशाचं नाव काढलं तरी चूळ भरावी लागे. पण त्या वर्षी अधिक महिना आला होता, त्यामुळे श्रावण ऑगस्टच्या मध्यापर्यंत पुढे ढकलला गेला होता. हे यांनी स्वतः शोधून काढलं. ज्या माणसाला संकष्टी कधी ते ठाऊक नसायचं, त्याने स्वयंपाकघरातलं पंचांगाचं कॅलेंडर खाली उतरवलं, हिरव्या पेनाने चार आठवड्यांभोवती चौकोन काढला आणि तेच पान वर ठेवून परत टांगलं. आठ महिने मी त्या हिरव्या चौकोनासमोर पोळ्या लाटल्या.

मी जायचं नाही हे पहिल्या दिवशीच ठरवलं होतं. दोन वर्षं मी सुट्टीची वाट बघायची ती कशासाठी? दोन कार्टन भरून सेंट, साबण, नायलॉनच्या साड्या घेऊन माहेरी उतरायला. गॉगल लावून एसटी स्टँडवरून रिक्षात बसायला. तळ्याकाठी माझ्या बांगड्या कुणाला दाखवू? ट्राउटला? पण तसं सरळ सांगून टाकलं असतं तर यांचं प्लॅनिंग तिथेच खलास झालं असतं, आणि मग मी गुरुवारी काय सांगणार होते?

गुरुवार म्हणजे आमची तिकडची शनिवार संध्याकाळ. शुक्रवारी सुट्टी, म्हणून गुरुवारी आम्ही सात-आठ मराठी बायका एकीच्या घरी जमायचो. कुणी ढोकळा आणायची, कुणी दागिना आणायची, मी नवरा आणायचे. म्हणजे यांची नक्कल. त्या हिवाळ्यात मला यांनी इतका माल पुरवला की बाकीच्या बायका दारातूनच विचारायच्या, माशाचं कुठवर आलं?

माल खरंच उत्तम होता. थंडीची सवय व्हावी म्हणून यांनी एका शुक्रवारी दुपारी बेडरूमचा एसी पूर्ण थंड केला, जमिनीवर दोन स्लीपिंग बॅगा अंथरल्या आणि मला स्वेटर, मोजे, कानटोपी घालून आत शिरायला लावलं. बाहेर तिशीला टेकलेला पारा. मुलगा दार उघडून बघून गेला आणि म्हणाला, "डॅड, पीपल विल थिंक वी आर मॅड." तंबू हॉलमध्ये लावला तर टीव्ही तंबूच्या आत गेला. गळ टाकायचा सराव हॉलमधून स्वयंपाकघराकडे चालायचा. दोऱ्याच्या टोकाला खोडरबर बांधलेलं, आणि ते उंबऱ्यापाशी ठेवलेल्या परातीत पडलं पाहिजे. शंभरात चार वेळा पडायचं. एकदा खाडीवर जाऊन खऱ्या पाण्यात टाकून बघू म्हणाले. तिथे अब्रावाले, म्हणजे खाडी ओलांडून देणारे ते लाकडी होड्यांवाले, हातातलं काम टाकून बघायला लागले. यांच्या गळाला एक प्लॅस्टिकची पिशवी लागली. वर ओढेपर्यंत हे तिच्याशी झुंजत होते. एक अब्रावाला ओरडला, "छोडना मत, हबीबी, बडी है." मी ते वाक्य पुढचे तीन गुरुवार चालवलं.

आता वाटतं, हा माणूस त्या पिशवीकडे बघून माझ्याकडे वळून हसला होता. मी तेव्हा त्या अब्रावाल्याचा आवाज पाठ करत होते.

मार्चमध्ये मुलाने अंग काढून घेतलं. तो पुण्याला चुलतभावांकडे राहणार होता. मला वाटलं आता हे थंडावतील, तर हे उलट खूश. म्हणाले, "बरंच झालं. आपण दोघं कधी कुठे गेलोय का गं? सुट्टी लागली की तुझं माहेर नाहीतर माझी आई. एकदा फक्त आपण दोघं."

मी विचारलं, "तिथे बाथरूम कुठे असतं?"

मेमध्ये यांनी ऑफिसात सुट्टीचा अर्ज दिला, तेव्हा मात्र मी घाबरले. गंमत आता माझ्या कार्टनांवर येणार होती. सरळ नाही म्हणायची हिंमत तेव्हाही केली नाही. मी दुसरं केलं. शुक्रवारी सकाळी साताऱ्याला फोन लावायचा आमचा नेम होता. एरवी आधी हे बोलायचे. त्या दिवशी मी रिसीव्हर आधी घेतला आणि सासूबाईंना म्हटलं, "आई, नातवाचं दहावीचं वर्ष सुरू होतंय. अशात यांनी मुद्दाम डोंगरावर जाऊन जीवहत्या करावी का, तुम्हीच सांगा."

 सासूबाई म्हणाल्या, त्याला दे.

यांचं बोलणं मी शेंगा सोलत ऐकलं. 'हो आई' सात वेळा. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत घरातल्या कुणी माशाला हात लावायचा नाही, नातवाच्या पेपरांसाठी त्यांनी तिथल्या तिथे तसा नवस बोलला होता. हिरव्या चौकोनातले बहुतेक सगळे दिवस एकादशीच्या पुढचे होते. फोन ठेवून हे उठले, कॅलेंडरसमोर थोडा वेळ उभे राहिले आणि अंघोळीला गेले. मी त्या दिवशी सुरमईची आमटी केली आणि दोनदा वाढून घेतली.

 तिसऱ्या दिवशी कामावरून आले ते गळांची डबी आणि पकड घेऊन जमिनीवरच बसले. गळाच्या टोकापाशी एक बारीक उलटा काटा असतो, मासा सुटू नये म्हणून. तो हे पकडीने दाबून सपाट करत होते. फोरमनने सांगितलं होतं म्हणे, असं केलं की माशाला फारशी इजा होत नाही, धरायचा, बघायचा आणि पाण्यात सोडून द्यायचा. साहेबलोकही तसंच करतात. आईने मारायचं नाही, खायचं नाही असं सांगितलंय, धरून सोडायला तिची ना नाही, मी फोन करून विचारलं, असं म्हणाले. पंचवीस गळ होते. रोज संध्याकाळी पाच-सहा, नाकावर चष्मा ओढून. सासूबाईंचा शब्दही राहिला आणि तळंही राहिलं. मी एवढी शिजवलेली खेळी या माणसाने पकडीने चेपून सपाट केली.

इथे तरी मी हरल्याचं कबूल करून कार्टन बांधायचं थांबवायला हवं होतं. पण मला राग आला. माझ्यावर नाही, यांच्यावर.

पुढचा गुरुवार आमच्या घरी होता. हे साडेसातशिवाय येत नाहीत हे मला माहीत होतं. बायकांना चहा दिला आणि मग आग्रहाची वाट न बघता मी आतून सगळं सामान काढून आणलं. यांची उन्हाची टोपी घातली. स्लीपिंग बॅगेत कमरेपर्यंत शिरून हॉलभर उड्या मारल्या. पिशवीशी झुंजले. बायका लोळत होत्या. एकीला ठसका लागला. मी हातात यांच्या गळाचा रॉड घेऊन सोफ्यावर चढले, आणि तिथून मला दार दिसलं.

हे उभे होते. लवकर आले होते. हातात बुटांचा खोका, आणि काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली माझी जुनी चप्पल. सकाळपासून एक चप्पल सापडत नव्हती. बूट घेताना मापासाठी नेली होती.

बायकांची दाराकडे पाठ होती. पाहिलं ते फक्त मी. तेव्हा थांबता आलं असतं. टोपी काढून 'आलात का' म्हणता आलं असतं. पण माझ्याकडे एक शेवटचा तुकडा शिल्लक होता आणि तो सगळ्यांत भारी होता. काही दिवसांपूर्वी हे मला अगदी हळू आवाजात, जणू मासा शेजारच्या खोलीत असावा तसे, सांगत होते की ट्राउट फार लाजाळू असतो, माणसाची सावली पाण्यावर पडली तरी पळून जातो. मी यांच्या डोळ्यांत बघत, यांच्याच आवाजात, यांच्यासारखी मान पुढे काढून म्हटलं, "फार लाजाळू असतो गं. सावली पडली तरी पळतो."

नक्कल अप्रतिम झाली. आजही सांगते, तशी मला पुन्हा कधी जमली नाही. बायका हसल्या, मग एकीने मागे वळून पाहिलं आणि एकेक करत सगळ्या गप्प झाल्या. यांनी खोका चपलांच्या रॅकशेजारी ठेवला. "चालू दे," म्हणाले. मग स्वयंपाकघरात गेले आणि स्वतःचा चहा स्वतः करून घेतला. आमच्या लग्नात त्याआधी हे कधी झालं नव्हतं. त्यानंतर मात्र रोज झालं.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला यांनी एवढंच सांगितलं, "तू गावाला जा. तुझं तिकीट मुंबईचं केलंय."

मी जिंकले. दोन कार्टन भरून, गॉगल लावून वेंगुर्ल्याला उतरले. पाऊस धो धो. गॉगलमधून काही दिसेना. वहिनी माझ्या बांगड्यांकडे बघून म्हणाली, छान आहेत, जरा तो नारळ खवून दे. सेंटच्या बाटल्या तिसऱ्या दिवशी वाटून संपल्या. उरलेले तीन आठवडे मी ओट्यावर बसून पाऊस बघितला आणि दुबईचे गुरुवार आठवले.

परतले तेव्हा हे माझ्याआधी दोन दिवस येऊन पोचले होते. नाक सोलवटलेलं, कानांच्या कडा काळ्या पडलेल्या, वजन उतरलेलं. इतके बरे दिसत होते की मला चीड आली. मी विचारलं, कसं झालं? म्हणाले, "छान." मी विचारलं, तळं कसं होतं? "छान होतं." मासे मिळाले का? हे टॉवेल घेऊन अंघोळीला गेले.

जो माणूस आठ महिने उठता-बसता ट्राउटशिवाय बोलला नाही, तो तिथे जाऊन आल्यावर त्या माशाचं नाव घेईना. मी दोन दिवस वाट पाहिली. माझा एक गुरुवार वाया गेला. बायकांनी विचारलं तेव्हा माझ्याकडे सांगायला काही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी हे कामावर गेल्यावर मी यांची बॅग उपसली. कपड्यांखाली कॅमेरा होता. रोल अजून आतच, पूर्ण संपलेला नव्हता. वरच्या खिडकीत आकडा दिसत होता, तेवीस. म्हणजे तेवीस फोटो त्या पेटीत होते, आणि त्यांतला एकही मला दाखवायचा यांचा विचार दिसत नव्हता. मी कॅमेरा घेऊन स्वयंपाकघरात गेले. तव्यावर पोळी होती. दुबईचं ऑगस्टचं ऊन खिडकीतून थेट ओट्यावर यायचं. मी कॅमेऱ्याचं मागचं दार उघडलं आणि तो उन्हात ठेवला. पाच सेकंद पुरली असती. मी ती पोळी दोन्ही बाजूंनी भाजून, फुगवून, तूप लावून होईपर्यंत उघडा ठेवला. मग बंद करून होता तसा कपड्यांखाली सरकवला.

मला न सांगता जे आहे ते कुणालाच नको, एवढाच त्या बाईचा हिशेब. असा हिशेब लहान मुलं करतात, पण ती निदान मग रडतात. मी जेवायला बसले.

पुढच्या आठवड्यात हे मीना बाजारातल्या स्टुडिओतून रिकाम्या हाताने आले. "रोल खराब झाला," म्हणाले. "आत उजेड गेला म्हणतो."

मी भाजी चिरत होते. मी म्हटलं, "डोंगरावर ऊन कडक असेल."

यांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग 'असेल' म्हणाले आणि चहा करायला गेले. कळलं असेल का? ज्या माणसाला शंभरात चार वेळा परात सापडायची, त्याला हे सापडलं असेल का? मी कधी विचारलं नाही. मला उत्तराची भीती वाटते असं समजू नका. मला 'छान होतं' पुन्हा ऐकायचं नव्हतं.

बुटांचा खोका बरीच वर्षं कपाटावर होता. घर बदलताना मी ते बूट घालून पाहिले. माप अचूक होतं. मोलकरणीला दिले.

आता आम्ही शारजात मुलाकडे असतो. तो हमरिया फ्री झोनमध्ये एका कंपनीत मॅनेजर आहे. सकाळी अंधारात जातो, संध्याकाळी ट्रॅफिकला शिव्या देत येतो. नात नऊ वर्षांची आहे. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत येतं. तिची आणि आजोबांची दुपारची बैठक असते, दार लोटून. आतून कुजबुज ऐकू येते, मध्येच हिमाचल ऐकू येतं, तंबू ऐकू येतं, आणि यांचा तो हळू आवाज, मासा शेजारच्या खोलीत असल्यासारखा. मी दारात जाऊन उभी राहते. माझी सावली आत पडली की दोघं गप्प होतात.

मागच्या आठवड्यात हे दुपारी झोपले असताना मी नातीला शंकरपाळ्यांचा डबा दाखवला. म्हटलं, फक्त एक गोष्ट सांग. तळ्याची. ती म्हणाली, आय प्रॉमिस्ड आजोबा. मी झाकण उघडलं. तिने दाराकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, आणि पाच शंकरपाळ्यांत फुटली. आजोबांनी तिथे नऊ दिवस गळ टाकला. सकाळ-संध्याकाळ.

"आणि किती मासे मिळाले?"

"झिरो," नात म्हणाली.

आठ महिने, पंचवीस गळ, सासूबाईंचा नवस, आणि शून्य. मी तोंडावर पदर धरला, पण हसू आवरेना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, खुर्चीचा हात धरून मी हसत राहिले.

नात पाचवी शंकरपाळी हातात तशीच धरून माझ्याकडे बघत होती. मग तिने ती परत डब्यात ठेवली.

"ही सेड यू वुड लाफ," ती म्हणाली, आणि आजोबांच्या खोलीत जाऊन तिने दार लावून घेतलं.